विहीर पलीकडे, बाग अलीकडे, मधे काँक्रीटचा रस्ता: एचडीडीने (रस्ता न फोडता खालून आडवं भोक पाडून) पाइपलाइन नेल्याचा अनुभव

आमच्या द्राक्षपट्ट्यात रस्ते मोठे झाल्यापासून कितीतरी घरांची हीच अडचण झालीय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी सुरुवात केली तेव्हा कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं, जो तो वेगळं सांगायचा.

आमची विहीर राज्यमार्गाच्या पलीकडच्या तुकड्यात आणि बाग अलीकडे. आण्णांनी (माझे सासरे) तीसेक वर्षांपूर्वी जुन्या डांबरी रस्त्याखालच्या मोरीतून पाइप आणली होती आणि ती कधी कुणाला खुपली नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात रुंदीकरण झालं, जुनी मोरी गेली, तिच्याबरोबर पाइपही गेली, वर काँक्रीट पडलं. २०२४ चा उन्हाळा टँकरवर काढला. खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) झाल्यावर काडी तयार होण्याच्या दिवसांत टँकरची वाट बघत बसायचं म्हणजे काय ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको. पलीकडे विहिरीत पाणी दिसतंय आणि इकडे ड्रिप कोरडं, आण्णा त्या दिवसांत रस्त्याकडे बघायचेच नाहीत.

पहिला प्रश्न अर्थात, रस्ता फोडता येईल का? नाही. काँक्रीटचा नवीन रस्ता, त्यात तो हायब्रिड अॅन्युइटीमधला (म्हणजे ठेकेदाराला काही पैसे बांधताना आणि बाकीचे पुढे हप्त्यांनी मिळतात ती योजना), अजून ठेकेदाराच्याच देखभालीत, त्यामुळे खोदाईचा विषयच नव्हता. नवीन मोरीतून टाका असं गावात सगळे म्हणत होते, पण मोरी पावसाच्या पाण्यासाठी असते, पाइपला कचरा अडून तुंबली तर रस्ता खचतो, म्हणून इंजिनीअर लोक त्याला तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग उरले दोन मार्ग, पुशिंग नाहीतर एचडीडी (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग). पुशिंगमध्ये रस्त्याच्या कडेला खोल खड्डा घेऊन लोखंडी पाइप जॅकने सरळ ढकलतात. मधे मोठा दगड आला की पाइप भलतीकडे जाते आणि तिला वळवता येत नाही. एचडीडीत मशीन लांब उभं राहतं, जमिनीत तिरकं शिरतं, रस्त्याखालून आडवं जातं आणि पलीकडे वर निघतं, आणि मुख्य म्हणजे वाटेत त्याला वळवता येतं. विहिरीत आडवे बोअर मारणारे लोक वेगळे, त्यांच्या मशीनने हे होत नाही. एचडीडीवाले शोधायचे तर जिथे फायबरची नाहीतर महावितरणच्या अंडरग्राउंड केबलची कामं चालू असतात तिथे जाऊन विचारायचं, आम्हाला तिथेच मिळाले.

ऑगस्टमध्ये दोघांशी बोलणं झालं. एकाने फोनवरच मीटरचा रेट सांगितला आणि उद्या मशीन आणतो म्हणाला. दुसऱ्याने आधी विचारलं, "वहिनी, विहीर किती खोल आहे, आणि आत थर कसे आहेत?" आम्ही दुसऱ्याला काम दिलं आणि हे सगळं लिहिताना मला मुख्यतः हेच सांगायचंय. आपल्याकडे एचडीडीचा सगळा खेळ खाली दगड किती फुटांवर आहे त्यावर ठरतो. मऊ मातीत छोटं मशीन आरामात जातं, मुरमातही जातं, पण काळा पाषाण लागला की साधं बिट (रॉडच्या टोकाचं कापणारं पातं) घासून संपतं, मग दगडासाठीचं वेगळं बिट, मड मोटर (आत खालीच बिट फिरवणारी मोटर), मोठं मशीन, आणि रेट कुठल्या कुठे जातो. फोनवर रेट देणारा माणूस दगड लागल्यावर एकतर काम सोडून जातो नाहीतर अर्ध्यात भाव वाढवतो, आणि तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं.

विहीर असेल तर ती म्हणजे तुमच्या जमिनीचा उघडा नकाशाच. आमचे हे टेप घेऊन विहिरीत उतरले. वरची पाच फूट काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (मुरूम आणि पाषाण यांच्यामधला मऊ खडक), आणि तेरा फुटांपासून पक्का पाषाण. आपल्याला जायचं होतं सहा-सात फुटांवरून, म्हणजे पलीकडची बाजू ठीक होती. पण अलीकडचं कुणाला माहीत? रस्ता आणि आमची बाग यांच्यामधे शेजारच्या तात्यांचं रान आहे. सप्टेंबरच्या उघडिपीत, त्यांची शाळवाची (रब्बी ज्वारीची) पेरणी व्हायच्या आधी, जेसीबी बोलावून तिथे चाचणी खड्डे घेतले. ठरवलेल्या जागी पाच फुटांवरच बकेट ठणकन वाजलं, पाषाण. दक्षिणेला साधारण चाळीस फूट सरकल्यावर दगड खाली गेलेला सापडला, नऊ फुटांपर्यंत नुसता मुरूम. मग क्रॉसिंगची जागाच तिकडे सरकवली. जेसीबीचे ३,६०० रुपये गेले, पण अख्ख्या कामात यापेक्षा चांगले पैसे कुठे गेले नाहीत. आणि हे अर्ज करण्याआधीच करायचं, कारण परवानगी रस्त्याच्या ठरावीक साखळी क्रमांकाला मिळते (किलोमीटर इतके, मीटर इतके), नंतर जागा बदलली की कागद पुन्हा पहिल्यापासून.

तात्यांच्या रानातून पाइप जाणार म्हणून त्यांचं संमतीपत्र आधीच स्टॅम्पवर करून घेतलं. तात्या आमचे घरचेच, तोंडी हो म्हणालेच होते, पण उद्या वाटण्या झाल्या, जमीन विकली गेली, तर कागद हवा. शेजारी तयारच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, शेतीच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप न्यायची परवानगी त्यात मिळते, पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर हवी. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि वर्षानुवर्षं भांडत बसतात.

७ ऑक्टोबर २०२४ ला बांधकाम खात्याच्या उपविभागात अर्ज दिला. सोबत दोन्ही बाजूंचे सातबारा, ८अ, गट नकाशा, तात्यांचं संमतीपत्र, जागेचा नकाशा, रस्त्याचा आडवा छेद (त्यात रस्त्याची पूर्ण हद्द, दोन्ही गटारं आणि आपली पाइप किती खोल ते दाखवायचं), आणि एचडीडीवाल्याकडून काम कसं करणार त्याचं पत्र. नकाशे एका ड्राफ्ट्समनने ३,००० रुपयांत काढून दिले. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, पुढे प्रत्येक वेळी तोच नंबर विचारतात.

आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. अर्धं ऑफिस इलेक्शन ड्युटीवर, साहेब ट्रेनिंगला, फाइल टेबलावर. इकडे बागेत फळछाटणीनंतरची फवारणी सुरू, आमचे हे दिवसरात्र ब्लोअरवर, त्यामुळे ऑफिसच्या खेपा माझ्याकडेच. तिथल्या क्लार्क मॅडमनी एकदा नीट समजावून सांगितलं की फाइल शाखा अभियंत्यांच्या पाहणीनंतर उपअभियंत्यांकडे, तिथून शिफारशीसह विभागात कार्यकारी अभियंत्यांकडे जाते आणि परवानगी तिथून निघते. हे कळल्यावर माझी घालमेल खूप कमी झाली, कारण मग कुठे जाऊन काय विचारायचं ते कळतं. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, आणि ३ डिसेंबरला शाखा अभियंता जागेवर आले. टेपने हद्द मोजली, ३० मीटर भरली, चाचणी खड्ड्यांचे फोटो बघितले आणि म्हणाले हे चांगलं केलंत, बहुतेक लोक असं काही दाखवतच नाहीत.

मग हमीपत्र. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदाला शंभर-दोनशेऐवजी ५०० चं मुद्रांक शुल्क लागतं. त्यात लिहून द्यायचं की रस्त्याचं नुकसान झालं तर आम्ही भरून देऊ, पुढे रस्ता वाढला तर स्वखर्चाने पाइप हलवू, जागेवर आमचा हक्क सांगणार नाही. हे वाचताना आण्णांचा हात थांबला, विहीर आमची, रान आमचं, आणि हक्क नाही म्हणून सही. मी म्हटलं आण्णा, तो रस्त्याखालच्या जागेबद्दल आहे, विहिरीबद्दल नाही, तेव्हा कुठे सही केली. देखभालीच्या ठेकेदाराचं ना-हरकत पत्र वेगळं आणावं लागलं, त्यात ख्रिसमस-नवीन वर्ष गेलं. फी चलनाने भरली, अनामत ५०,००० डीडीने. फी आणि अनामत रस्त्याचा प्रकार आणि लांबी बघून ठरते, त्यामुळे आमच्या आकड्यावरून तुमचा अंदाज बांधू नका.

१७ जानेवारी २०२५ ला पत्र हातात आलं. अटी अशा, फक्त एचडीडीने काम, पूर्ण हद्दीएवढी केसिंग पाइप (आपल्या पाइपला बाहेरून संरक्षण देणारी मोठी पाइप), केसिंगचा माथा रस्त्यापासून किमान १.२ मीटर खाली आणि गटाराच्या तळाच्याही खाली, काम दिवसा, आधी तीन दिवस कळवायचं, मुदत ९० दिवस. मुदत वाचून लगेच मशीन बोलवायची घाई होते, पण आम्हाला थांबावं लागलं. कारण पाइप ज्या बाजूने ओढायची तिथे तिची अख्खी लांबी जोडून सरळ आडवी ठेवावी लागते, आणि ती जागा म्हणजे तात्यांचा उभा शाळू. कणसात दाणे भरलेले असताना ५० मीटरचा पट्टा तुडवा असं कोण म्हणेल? फेब्रुवारीच्या शेवटी काढणी झाली, तोपर्यंत बाकीची तयारी करून घेतली.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली आधीच काय काय पुरलंय ते शोधणं. 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी अॅप आहे, मार्च २०२३ मध्ये आलंय, त्यात खोदाईची जागा टाकली की तिथे ज्यांच्या नोंदलेल्या केबल किंवा पाइप आहेत त्यांना मेसेज जातो. आमच्या नोंदीनंतर दोन फायबरवाल्यांची माणसं येऊन चुन्याने खूण करून गेली. पण चुन्याच्या रेषेवर विसंबायचं नाही असं एचडीडीवाल्याचं म्हणणं, त्याने परवानगी विचारून तिथे हाताने खड्डा घेतला आणि केबलचा डक्ट डोळ्यांनी बघितला, रानाच्या पातळीपासून सव्वा मीटरवर होता. आपली लाइन दोन मीटरवरून जाणार, म्हणजे मधे अंतर मिळतंय.

दोन मीटर खोल जायचं तर मशीन हद्दीपासून साधारण दहा मीटर मागे लावावं लागतं, कारण रॉड बारा-एक अंशांत तिरका शिरतो. तसंच बाहेर निघताना पलीकडे दहा. म्हणून ३० मीटरच्या रस्त्याला बोअर ५० मीटर. कोटेशन घेताना हे लक्षात असू द्या, रस्त्याची रुंदी गुणिले रेट असा हिशोब होत नाही.

४ मार्चला सकाळी मशीन आलं, विहिरीच्या बाजूला लावलं. रस्त्यावर कोन, दोन्ही टोकांना लाल झेंडा घेऊन माणसं. मला वाटलं होतं बोअरवेलसारखं प्रचंड काहीतरी असेल, तसं नव्हतं, साखळीच्या चाकांवरचं बेताचं मशीन, पाण्याचा टँकर, बेंटोनाइट (भोक ढासळू नये म्हणून पाण्यात कालवून सोडतात ती चिकणमाती) कालवायची टाकी, आणि तीन-तीन मीटरचे रॉड. पुढच्या टोकाला चपटं तिरकं बिट आणि त्याच्या मागे ट्रान्समीटर. तो ट्रान्समीटर जमिनीतून सिग्नल देतो आणि वर एक पोरगा लोकेटर हातात धरून त्याच्या डोक्यावरून चालत असतो, त्याला स्क्रीनवर खोली, उतार आणि बिटचं तोंड कुठे आहे ते दिसतं. तोंड घड्याळाच्या काट्यात सांगतात. फिरवत ढकललं की रॉड सरळ जातो, न फिरवता नुसतं ढकललं की तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूला वळतो. त्यामुळे वॉकीटॉकीवर दिवसभर हेच, "सहावर लाव... ढकल... बस. आता फिरव. एक नव्वद. दोन पाच. बारावर घे थोडं." जमिनीखालची गोष्ट नुसत्या आवाजावर वळताना बघून आण्णा खुर्ची घेऊन तिथेच बसले, जेवायला उठेनात.

(या पद्धतीची सुरुवात म्हणे १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात झाली, मार्टिन चेरिंग्टन नावाच्या कंत्राटदाराने पहारो नदीच्या खालून गॅसची पाइप नेली. वाट बघताना हे वाचत बसले होते आणि मला खरंच त्या माणसाचं कौतुक वाटलं.)

काँक्रीटच्या खाली गेल्यावर सिग्नल नाचायला लागला, काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांमुळे असं होतं म्हणे. तेव्हा ते लोक घाई करत नाहीत, थांबून दोन-तीन वेळा रीडिंग घेतात, मगच पुढचा रॉड. आणि अलीकडच्या साइडपट्टीपाशी एक प्रकार झाला, जमिनीतल्या भेगेतून बेंटोनाइटचं पाणी बुडबुडे येत वर आलं. माझ्या पोटात गोळा आला, शाखा अभियंता तिथेच उभे. ऑपरेटरने लगेच पंपाचं प्रेशर कमी केलं, थोडा वेळ थांबला, बेंटोनाइट जरा घट्ट कालवलं आणि मग हळूहळू पुढे गेला. वर आलेलं फावड्याने भरून घेतलं. भुसभुशीत भरावात असं होतं, मात्र तेव्हा प्रेशर तसंच ठेवून रेटलं तर रस्त्याची कड फुगते, म्हणून त्या वेळी तुमचं माणूस तिथे उभं असलंच पाहिजे. दुपारी अडीचच्या सुमाराला तात्यांच्या रानातल्या खड्ड्यात माती हलली आणि बिटचं टोक बाहेर आलं, ठरवलेल्या जागेपासून जेमतेम हातभर बाजूला.

पाइप आदल्या दिवशीच वेल्ड करून ठेवलेली. १६० मिलीमीटरची एचडीपीई केसिंग, तुकड्यांची तोंडं तासून गरम प्लेटवर (दोनशे अंशांच्या पुढे असते) धरतात आणि एकमेकांवर दाबतात, थंड होईपर्यंत हलवायचं नाही. जोडावर दोन्ही बाजूंना सारखी गोल वळी आली पाहिजे, ती वाकडी दिसली तर तो जोड कापून पुन्हा करायला सांगा. ५ मार्चला बिट काढून तिथे दहा इंची रीमर (भोक रुंद करणारं अवजार) लावला, त्याच्यामागे स्विव्हल, म्हणजे रीमर फिरला तरी पाइप फिरत नाही, आणि त्यामागे केसिंग. पाइपच्या दीडपट भोक ठेवतात. एकेक रॉड मागे ओढत गेले तशी ती काळी लांब पाइप रानातून सरकत जमिनीत शिरत गेली आणि दुपारपर्यंत पलीकडे निघाली. वर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांना पत्ताही नाही.

मग केसिंगमधून आपली ११० मिलीमीटरची पाइप सरकवली, दोन्ही टोकं सील केली, फ्लँज लावले, पाणी भरून सहा किलो प्रेशरवर दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवली. काटा हलला नाही. बेंटोनाइटचा गाळ त्यांच्याच टाकीतून परत न्यायचा हे आधीच लिहून घेतलं होतं, रानात सांडू देऊ नका, तो थर बसला की पाणी मुरत नाही.

खर्च असा झाला. बोअर ५० मीटर, २,२०० च्या दराने १,१०,०००, मशीन आणण्या-नेण्याचे २०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५३,४००. केसिंग ३६,०००, आतली पाइप १९,२००. चाचणी खड्डे, नकाशे, टँकर, झेंडेवाले, फी, स्टॅम्प-नोटरी सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या थोडं वर, अनामत सोडून. दगड लागला असता तर हा हिशोब कुठल्या कुठे गेला असता. कोटेशनमध्ये 'पाषाण लागल्यास दर किती' आणि 'बोअर अर्धवट राहिल्यास किती पैसे' या दोन ओळी लिहून घ्या, तोंडी नको.

काम झाल्यावर एचडीडीवाल्याकडून प्रत्येक रॉडची खोली लिहिलेला तक्ता आणि त्यावरून काढलेला नकाशा मागून घ्या, हे आमच्याकडे लोक विसरतात. तो जोडून काम पूर्ण झाल्याचं पत्र उपविभागात दिलं. अनामत एक पावसाळा रस्ता बघून परत, त्याप्रमाणे ऑक्टोबरमध्ये मूळ पावतीसह अर्ज केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये पैसे खात्यावर आले. मूळ पावतीला लॅमिनेशन करू नका, त्यावर मागे शेरा मारावा लागतो.

काम झालं त्याच वर्षी, १२ एप्रिल २०२५ ला, खरड छाटणी केली आणि दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं पाणी ड्रिपला चालू आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना खुणेचे दगड रोवलेत, त्यावर पाइपची खोली रंगवलीय, एक नकाशा तात्यांच्या घरीही दिलाय.